लाडक्या कुत्र्याला निरोप देताना: खानदेशातल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रस्त्यावरून, विहिरीतून, कापसाच्या वावरातून उचलून आणलेलं कुत्रं दहा-बारा वर्षं दारात राहिलं की त्याच्या शेवटच्या दिवसांचे प्रश्न एकदम अंगावर येतात, आणि तेही बहुधा रविवारी किंवा मे महिन्यात. इथले प्रश्न साधारण ज्या क्रमाने पडतात त्याच क्रमाने घेतले आहेत. घाईत असाल तर दयामरणाच्या इंजेक्शनचा आणि पुरण्याच्या खड्ड्याचा भाग आधी वाचा.

आता वेळ आली, हे ओळखायचं कसं?

एका दिवसावरून ओळखू नका. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितो तसा कुत्र्याचा हिशेब लिहा. रोज रात्री, त्या दिवशी तो स्वतःहून उठला का, खाल्लं का, पाणी प्यायला का, घाण करायला बाजूला गेला का, तुम्हाला पाहून शेपटी हलली का, एवढंच विचारायचं आणि बरा दिवस असेल तर गोल, वाईट असेल तर फुली. दोन आठवड्यांत फुल्या गोलांपेक्षा जास्त झाल्या तर डॉक्टरांशी स्पष्ट बोलायची वेळ झाली. घरातल्या दोघांनी वेगवेगळ्या रंगाने खुणा केल्या तर आणखी बरं, कारण जो रोज भरवतो त्याला कुत्रं नेहमी थोडं बरंच दिसतं.

आकड्यांत मोजायचं असेल तर अमेरिकेतल्या पशुवैद्य डॉ. ॲलिस व्हिलालोबोस यांची पद्धत जगभर वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर सांभाळत राहणं योग्य मानतात. वेदनेच्या गुणांत श्वासही मोजतात: दम लागत असेल तर बाकीचे गुण कितीही असोत, थांबू नये.

श्वास मोजणं सोपं आहे. गाढ झोपेत असताना पोट किती वेळा वर येतं ते एक मिनिट मोजा. ३० च्या आत असेल तर ठीक. रोज ४० च्या वर जात असेल, मान लांब करून बसत असेल, आडवं पडायला घाबरत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. हिरडी बोटाने दाबून सोडा. दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा.

"याचं काही होणार नाही, इंजेक्शन देऊन टाका," असं सगळे म्हणतात. ऐकायचं का?

आधी आजाराचं नाव विचारा. रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठी चूक इथेच होते. जे पाहवत नाही ते बरं होण्यासारखं नसतं, अशी लोकांची समजूत असते आणि ती अनेकदा खोटी निघते.

जखमेत अळ्या पडल्या, वास सुटला, कानामागे खड्डा दिसतोय. पावसाळ्यात हे नेहमीचं, आणि बहुतेक कुत्री यातून वाचतात. डॉक्टर औषध सोडून चिमट्याने अळ्या काढतात, पहिले काही दिवस रोज ड्रेसिंग लागतं, दोन-तीन आठवड्यांत जखम भरत येते. घरी पेट्रोल, फिनाईल किंवा डांबरगोळीची पूड ओतू नका. अळ्या मरण्याआधी चामडी जळते आणि विष रक्तात जातं.

लघवीच्या जागी फुलकोबीसारखी लाल गाठ, तिच्यातून रक्त ठिबकतं. कुत्र्यांत संगतीतून पसरणारा हा ट्यूमर असतो. नाव ऐकून लोक हात टेकतात, पण व्हिन्क्रिस्टिन हे औषध आठवड्यातून एकदा, साधारण तीन ते सहा वेळा शिरेतून दिलं की बहुसंख्य कुत्री पूर्ण बरी होतात. मात्र औषध शिरेबाहेर सांडलं तर पाय सडतो, म्हणून सवय असलेल्या हातानेच द्यायचं.

एक पाय गेला तरी गावठी कुत्रा तीन पायांवर महिनाभरात पळायला लागतो. खरजेने केस गेलेला, गोचीड तापाने हिरड्या पांढऱ्या पडलेला, पार्वो विषाणूने रक्ताची हगवण लागलेलं पिल्लू, या सगळ्यांना संधी असते. फवारणीचं औषध पोटात जाऊन लाळ गाळत थरथरणाऱ्या कुत्र्यालाही असते. ॲट्रोपिन वेळेत मिळालं तर तो उठतो, म्हणून बाटलीचा किंवा पुडीचा फोटो काढून थेट दवाखाना गाठा.

खरोखर कठीण गोष्टी वेगळ्या आहेत. महामार्गावर गाडीखाली येऊन मणका तुटला आणि मागचे दोन्ही पाय गेले, तर डॉक्टर बोट जोरात चिमटून पाहतात. पाय नुसता आखडला तर तो प्रतिक्षेप, म्हणजे आपोआप होणारी हालचाल. कुत्र्याने मान वळवली किंवा ओरडला तरच जाणीव शिल्लक आहे. दोन दिवस उलटूनही खोल जाणीव नसेल तर चालण्याची आशा फार कमी. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारात झटके औषधानेही थांबत नसतील आणि गिळताही येत नसेल. मूत्रपिंडं निकामी होऊन तोंडात फोड, श्वासाला लघवीसारखा वास, सलाईन देऊनही उलट्या. म्हातारपणात कर्करोग फुप्फुसात पसरलेला. अशा वेळी दयामरणाचा विचार करण्यात काही गैर नाही, आणि त्यात उशीर केल्याने कुत्र्याच्या पदरात फक्त दुखणं पडतं.

डोळे पांढुरके झालेत, ऐकू येत नाही. वय झालं म्हणून इंजेक्शन द्यायचं का?

नाही. डोळ्यांत निळसर झाक सात-आठ वर्षांनंतर येतेच. ओळखीच्या घरात आंधळा कुत्रा नीट वावरतो, फक्त खाट आणि पाण्याचं भांडं हलवू नका.

एप्रिल-मेमध्ये कुत्रा अचानक कोसळला. हा शेवट समजायचा का?

आधी ऊन समजा. जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या वर जातो आणि म्हातारं, जाडं किंवा आखूड नाकाचं कुत्रं पत्र्याच्या शेडमध्ये तासाभरात कोसळतं. गुदद्वारात साधा डिजिटल थर्मामीटर लावा. निरोगी तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०५ च्या वर म्हणजे उष्माघात. सावलीत आणून पोट, काखा, जांघा आणि पाय साध्या पाण्याने भिजवा, कूलर किंवा पंखा सरळ अंगावर लावा. ओलं पोतं अंगावर पांघरू नका, खालची गरमी कोंडते. १०३ वर आलं की पाणी थांबवा आणि गाडीत घाला. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचाच, कारण मूत्रपिंडाचा घोळ दुसऱ्या दिवशी कळतो.

दुखतंय म्हणून घरातली गोळी दिली तर चालेल?

आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, त्यांच्या मिश्र गोळ्या, काहीही नाही. पोटात अल्सर होऊन काळी हगवण लागते, मूत्रपिंडं बसतात, आणि शांत जाऊ शकला असता तो तडफडून जातो. पॅरासिटामॉलही अंदाजाने नको. डॉक्टर कुत्र्यांना मेलॉक्सिकॅम देतात, पण वजनावर मोजून, आणि मूत्रपिंड ठीक असेल तरच. (डायक्लोफिनॅकवर गुरांसाठी २००६ मध्ये बंदी आली ती गिधाडांमुळे, कुत्र्यासाठीही ते वाईटच.)

इंजेक्शन नको, घरीच जाऊ दे, असं वाटतं. काय काळजी घ्यायची?

वेदना आटोक्यात असेल तर हा मार्ग ठीक आहे, पण याला माणूस लागतो. अंथरूण जाड हवं: गोधडीखाली दोन-तीन गोणपाटं. दर दोन-तीन तासांनी कूस बदला, नाहीतर कंबरेच्या आणि कोपराच्या हाडावर जखम पडते. शेपटीखालचे, मांड्यांचे केस कापून टाका म्हणजे लघवीने चामडी सडणार नाही. माश्या हा खरा शत्रू. ओल्या जागेवर अंडी घातली की दिवसभरात अळ्या होतात. म्हणून मच्छरदाणी दिवसासुद्धा लावा आणि शेपटीखाली रोज दोनदा डोळ्यांनी बघा.

पाणी पाजायचं तर सुई काढलेल्या सिरिंजने गालाच्या बाजूने, एका वेळी दोन-तीन मिली, डोकं वर न उचलता. गिळत नसेल तर थांबा, फक्त ओल्या कापसाने हिरड्या पुसा. दूध-तूप जबरदस्तीने घशात ओतलं की ते फुप्फुसात जातं. "शेवटचा घास" या नावाखाली हे फार घरांत होतं.

रात्री श्वास घुसमटायला लागला तर काय, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दयामरणाचं मन करून ठेवलेल्या घरांतही हा प्रश्न विसरला जातो.

इंजेक्शन कोण देऊ शकतं? सरकारी दवाखान्यात होतं का?

नोंदणीकृत पशुवैद्य, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी घेतलेला डॉक्टरच. गावोगाव गुरांना लस टोचणारे पशुधन पर्यवेक्षक चांगलं काम करतात, पण हे त्यांचं काम नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे, तालुक्याला विचारून पहा. आदल्या दिवशी फोन करा, कारण भुलीचं औषध प्रत्येक दवाखान्यात रोज हाताशी नसतं. १९६२ या क्रमांकावरची फिरती गाडी मुख्यतः गुराढोरांसाठी आहे. कुत्र्यासाठी येईलच असं धरून बसू नका.

संमतीपत्रावर सही घेतात. त्यात आजाराचं नाव लिहिलेलं आहे का ते बघा.

त्या वेळी नेमकं काय होतं?

आधी हातापायाच्या स्नायूत शांत करणारं इंजेक्शन, बहुधा झायलाझिन किंवा त्याच्या जोडीला दुसरं काही. दहा-पंधरा मिनिटांत कुत्रा मान टाकतो. झायलाझिनने उलटी होऊ शकते, म्हणून शेवटचं खाणं दोन-तीन तास आधी आणि थोडंच द्या: तुपातली पोळी, उकडलेलं अंडं, जे त्याला आवडतं ते.

मग पुढच्या पायाच्या शिरेत सलाईनची बारीक नळी बसवतात. तिच्यातून पेंटोबार्बिटल किंवा आपल्याकडे जास्त सहज मिळणारं थायोपेंटोन, भुलीच्या मात्रेपेक्षा कितीतरी जास्त. मिनिटा-दोन मिनिटांत श्वास थांबतो, पाठोपाठ हृदय. काही डॉक्टर हृदय थांबवायला वर पोटॅशियम क्लोराईड देतात. ते चालतं, पण फक्त गाढ बेशुद्धीत. डोळ्याच्या बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलत नाही, हे आधी तपासायला हवं. "एकाच इंजेक्शनमध्ये काम होतं, भूल लागत नाही," असं कुणी म्हणालं तर औषधाचं नाव विचारा. भुलीशिवाय पोटॅशियम क्लोराईड किंवा मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे शुद्धीत असताना तडफडून मरणं. तिथून कुत्रा उचलून घरी आणा.

शेवटी स्टेथोस्कोप लावून काही मिनिटं ऐकतात. डोळे उघडेच राहतात, मिटत नाहीत. एखादा मोठा उसासा, ओठांची थरथर, लघवी-संडास सुटणं हे मृत्यूनंतर होतं. त्याला काही कळत नसतं. पाहणाऱ्यांना आधी सांगितलं नसेल तर "अजून जिवंत आहे" म्हणून आरडाओरडा होतो.

हे कुठे बिघडतं?

बहुधा शिरेत. कोरडं पडलेल्या, म्हाताऱ्या कुत्र्याची शीर सापडत नाही, सुई निसटते, थायोपेंटोन बाहेर सांडून आग होते. नळी पहिल्या इंजेक्शनआधी, कुत्रा शुद्धीत असताना बसवून घेतली तर हे बरंच टळतं. दुसरं म्हणजे घाई: शांत करणारं औषध चढायच्या आत पाय धरून ओढाओढ. पंधरा मिनिटं थांबायला सांगणं हा तुमचा हक्क आहे. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत उरकलं तर पुढे मातीचं कामही सावलीत होतं.

गल्लीतला कुत्रा आहे, मालक कुणी नाही. आम्ही ठरवू शकतो का?

गल्लीने ठरवायचं नसतं. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे बरा न होणारा आजार किंवा जीवघेणी जखम आहे असं निदान झाल्यावरच, पात्र पशुवैद्याने, वेदनारहित पद्धतीने, आणि दुसऱ्या कुत्र्यासमोर नाही. कुत्रा त्रास देतो, भुंकतो, म्हातारा झाला, ही कारणं त्यात बसत नाहीत. विष घालणं तर सरळ गुन्हा. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० मध्ये भटक्या कुत्र्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

तोंड उघडं, लाळ गळतेय, गिळता येत नाही. हाड अडकलंय?

हात घालू नका. खालचा जबडा लोंबतोय, आवाज बदललाय, अनोळखी असल्यासारखा बघतोय, तर आधी पिसाळल्याचा संशय धरा. मुका रेबीज असाच दिसतो आणि हाड काढायला गेलेलेच सापडतात. खोलीत कोंडा, डॉक्टरांना फोनवरच लक्षणं सांगा. लाळ जखमेला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस सुरू करा. तिथे चामडीत देतात त्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. कुत्रा मेला म्हणून लस थांबवायची नाही.

दत्ताच्या पायाशी कुत्रं असतं. दयामरणाचं पाप लागतं का?

सारंगखेड्याच्या दत्तयात्रेला जाणाऱ्या घरांत हा प्रश्न हमखास येतो, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तो खरा वाटतो. त्याला औषधांची नावं सांगून उपयोग नाही. कुत्र्याजवळ रात्रभर बसू द्या. सकाळी बहुतेक तेच म्हणतात, सोडवा आता. इच्छामरण हा शब्द मात्र टाळावा, इच्छा त्याची नसते, जबाबदारी आपली असते.

वावरात पुरायचं तर खड्डा कसा आणि कुठे?

खड्डा आदल्या दिवशी खणून ठेवा. हे पुन्हा सांगतो: आदल्या दिवशी. मे महिन्यात काळी माती दगडासारखी होते, भेगा हातभर खोल असतात, आणि दोन माणसांना पहार-टिकाव घेऊन अर्धा दिवस जातो. खणण्याच्या आदल्या रात्री त्या जागेवर चार-पाच बादल्या पाणी सोडा, वरचा थर सोपा जातो. पावसाळ्यात उलट अडचण: खड्डा पाण्याने भरतो. तेव्हा उंचवट्याची, मुरमाची जागा बघा.

१५ ते २० किलोच्या कुत्र्याला साडेतीन फूट लांब, दोन फूट रुंद, साडेचार फूट खोल. अंगावर किमान तीन फूट माती यायला हवी. विहीर, बोअर, नाला यांपासून १०० फूट लांब. तापी, गिरणा, पांझरा यांच्या पात्रात किंवा धरणाच्या काठाला नको. वाघूर धरणाचं पाणी जळगावकर पितात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. बांधावर पुरायचं असेल तर शेजाऱ्याला विचारा. बांध सामाईक असतो आणि त्यावरून कोर्टात गेलेली घरं गावात शोधावी लागत नाहीत. नांगराच्या फाळापासून मात्र बांध सुरक्षित.

शरीर ताठण्याआधी, म्हणजे पहिल्या तास-दोन तासांत, पाय पोटाशी दुमडून झोपल्यासारखं ठेवा. उन्हाळ्यात ताठपणा लवकर येतो. सुती साडी किंवा चादरीत गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही. गळ्यातला पट्टा, घुंगरू काढून घ्या. मीठ टाकायची रीत आहे, टाकलं तर हरकत नाही, पण वास मिठाने नाही, खोलीने अडतो. माती थराथराने पायाने दाबत भरा, वर फूटभर उंचवटा ठेवा. त्यावर दगड आणि बाभळीच्या काटेरी फांद्या. कोल्हे आणि गावातली कुत्री उकरतात, आणि इंजेक्शन देऊन मारलेल्या जनावरात ते औषध टिकून राहतं, खाणाराही मरू शकतो. म्हणूनच उघड्यावर टाकणं किंवा उथळ पुरणं चालत नाही.

टायर-डिझेल टाकून जाळू नका. अर्धवट जळतं आणि उरलेलं पुन्हा पुरावंच लागतं.

रात्री गेला. सकाळपर्यंत ठेवायचं कसं?

थंडीत फरशीवर ठेवलं तरी चालतं. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत पोट फुगायला लागतं. प्लास्टिकच्या कागदावर ठेवा, पोटाभोवती आणि पोटाखाली बर्फाच्या लादीचे तुकडे पोत्यात गुंडाळून लावा, शेपटीखाली जुनं फडकं, वर मच्छरदाणी. बर्फ पोटालाच का, तर बिघाड तिथून सुरू होतो.

फ्लॅटमध्ये राहतो, जागाच नाही.

जळगाव-धुळ्याला महापालिकेचा, बाकी ठिकाणी नगरपालिकेचा आरोग्य किंवा स्वच्छता विभाग मेलेली जनावरं उचलतो. गाडी कुठे नेते आणि पुरते की नाही, हे विचारून घ्या. उत्तर पटलं नाही तर गावाकडच्या नातेवाइकाचं वावर हा खानदेशात बहुतेकांचा खरा पर्याय, फक्त तो आधी बोलून ठेवावा लागतो.

लहान मुलांना आणि घरातल्या दुसऱ्या कुत्र्याला?

मुलांना "झोपवलं" म्हणू नका. चार वर्षांचं पोर त्या रात्री झोपायला घाबरतं. "सोडून आलो" तर त्याहून वाईट, ते वाट बघत बसतं. अहिराणी घरात आजी सरळ "तो मरी गया" म्हणते, तेच बरोबर आहे.

दुसऱ्या कुत्र्याला, आजार संसर्गाचा नसेल तर, शरीर हुंगू द्या. एक-दोन दिवस तो कमी खातो, दाराशी बसतो. दोन दिवसांपेक्षा जास्त अन्न सोडलं तर त्याला दुखणं आहे असं समजून तपासा.

दुसरं पिल्लू कधी आणावं?

मनाचं तुमचं तुम्ही बघा, जागेचं इथे सांगतो. पार्वोने गेला असेल तर विषाणू फरशीच्या फटीत, मातीत अनेक महिने, वर्षभरही राहतो. फरशी आधी साबणाने धुवा, मग एक भाग ब्लीच आणि ३० भाग पाणी लावून दहा मिनिटं ओलं राहू द्या. अंगणातल्या मातीवर ब्लीच चालत नाही, म्हणून लशींचा कोर्स पूर्ण झालेलं मोठं कुत्रंच आणा. डिस्टेंपरचा विषाणू नाजूक, उन्हात लवकर मरतो. गोधड्या, गोणपाटं जाळा किंवा फेका, भांडी उकळत्या पाण्यात. उरलेल्या गोळ्या शेजारच्या कुत्र्याला देऊ नका.

पावसाळ्यात खड्डा खचला तर?

खचणारच. काळी माती पहिल्या मोठ्या पावसात फुगते, मग बसते आणि मध्ये ताटाएवढा खळगा होतो. त्यात पाणी साचलं की वास येतो आणि कुत्री पुन्हा जमतात. आषाढात एकदा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा बघून या, खळगा भरून वर पुन्हा उंचवटा करा. कडुनिंब लावायचा असेल तर खड्ड्यावर नको, दोन-तीन हात बाजूला, नाहीतर माती बसताना रोप कलतं. खणताना निघालेल्या मातीतली चार-पाच घमेली बांधावर राखून ठेवली की चिखलात दुसरीकडून माती आणावी लागत नाही.